बोलिंगच्या विजेत्याचा आकडा पूर्ण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या हौशी टेनपिन बोलिंग (जड बॉल घरंगळत सोडून दहा पिना पाडण्याचा खेळ) स्पर्धांना स्थानिक पानांवर जागा मिळते, ही चांगली गोष्ट आहे. घोडबंदर रोडवरची गृहसंकुले असोत की ऐरोली-घणसोलीतली कार्यालये, या खेळाकडे वळणारे लोक मॉलमधल्या मोजक्या लेनवर (बॉल सोडायच्या पट्ट्यांवर) सराव करून स्पर्धेत उतरतात. पण बातमीत विजेत्याचे नाव, चषकासह फोटो आणि एकच आकडा येतो. त्या आकड्यावरून विजेता नेमका कसा खेळला, हे काहीच कळत नाही.

आधी एका शब्दाबद्दल. ‘गोलंदाज’ आणि ‘गोलंदाजी’ हे शब्द क्रिकेटसाठी रुजलेले आहेत. टेनपिनच्या बातमीत ते वापरले तर मथळा वाचणाऱ्याची फसगत होते. खेळणारे स्वतः ‘बोलिंग’ आणि ‘बोलर’ म्हणतात, तेच छापावे.

आता आकडा. समजा, तीन गेममध्ये ५९४ गुण घेणारा खेळाडू विजेता ठरला. वाचणाऱ्याला वाटेल, गेममागे १९८ म्हणजे पट्टीचा बोलर. प्रत्यक्षात त्यात हँडिकॅप, म्हणजे सरासरी कमी असलेल्याला मिळणारे जादा गुण, मिसळलेला असू शकतो. एका खेळाडूची सरासरी १८५ आणि दुसऱ्याची १४० धरू. नियम ‘२०० च्या पायावर ८० टक्के’ असेल, तर २०० मधून सरासरी वजा करून जे उरते त्याच्या ८० टक्के पिना, म्हणजे तितके गुण, प्रत्येक गेममध्ये जादा मिळतात. पहिल्याला १२, दुसऱ्याला ४८. पहिला नेमका आपल्या सरासरीइतका खेळला : ५५५ अधिक ३६, एकूण ५९१. दुसरा दर गेमला सरासरीपेक्षा दहा पिना जास्त खेळला : ४५० अधिक १४४, एकूण ५९४. चषक दुसऱ्याचा, आणि तो त्याच्या हक्काचा आहे, कारण त्या दिवशी स्वतःच्या पातळीच्या वर तोच खेळला. आमचा आक्षेप हँडिकॅपला नाही. ४५० आणि १४४ ही फोड न देता ५९४ छापण्याला आहे. हँडिकॅपशिवायच्या गुणांना ‘स्क्रॅच’ म्हणतात. तो आकडा वेगळा दिला की दोघांनाही न्याय मिळतो.

हँडिकॅप स्पर्धेत खरी अडचण येते ती सरासरी ठरवताना. नव्या खेळाडूची सरासरी त्याच्याच तोंडून विचारली, किंवा सकाळच्या दोन सराव गेमवरून काढली, तर कुणी मुद्दाम खराब खेळून ती खाली ठेवू शकतो. सरासरी निदान वीसेक नोंदलेल्या गेमची असावी. तेवढी नोंद नसेल तर त्या खेळाडूला स्क्रॅच गटात खेळवावे, किंवा आयोजकांनी आधी जाहीर केलेली ठरावीक सरासरी त्याला द्यावी.

एका गेममध्ये दहा फ्रेम, म्हणजे दहा पाळ्या, असतात. पहिल्याच बॉलला दहाही पिना पडल्या तर स्ट्राइक, दोन बॉलमध्ये पडल्या तर स्पेअर, तरीही काही उरल्या तर फ्रेम उघडी. बातमीत स्ट्राइकचे कौतुक होते. हौशी स्पर्धा मात्र बहुतेकदा स्पेअरवर जिंकली जाते. स्ट्राइकला १० अधिक पुढच्या दोन बॉलच्या पिना, स्पेअरला १० अधिक पुढच्या एका बॉलच्या. एखाद्याने प्रत्येक फ्रेममध्ये पहिल्या बॉलला ९ पिना पाडल्या, उरलेली एक दुसऱ्या बॉलने उचलली आणि दहाव्या फ्रेमच्या स्पेअरमुळे मिळालेल्या जादा बॉललाही ९ पाडल्या, तर एकही स्ट्राइक नसताना त्याचा गेम १९० चा होतो. दुसऱ्याने एक फ्रेम स्ट्राइक, पुढची ८ वर उघडी, असे करत पाच स्ट्राइक मारले तरी त्याचे होतात १३०. टाळ्या दुसऱ्यालाच जास्त मिळतात! म्हणून विजेत्याने किती स्पेअर उचलले आणि किती फ्रेम उघड्या सोडल्या, हे दोन आकडे बातमीत असावेत. उजव्या हाताच्या खेळाडूला सर्वांत जड जाते ती उजव्या कोपऱ्यातली दहावी पिन. ती वळणाऱ्या बॉलने घेण्यापेक्षा प्लास्टिकच्या साध्या बॉलने, लेनच्या डाव्या बाजूने तिरकी आणि सरळ घेतलेली बरी. मॉलमधले बॉल बहुधा प्लास्टिकचेच असल्याने या फटक्याला वेगळ्या खर्चाची गरज नाही.

तेलाबद्दल तर कुठेच लिहिले जात नाही. फाउल लाइनपासून (जी ओलांडायची नसते त्या रेषेपासून) पहिल्या पिनेपर्यंत लेन ६० फूट लांब आणि ४१.५ इंच रुंद असते. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर तेलाचा थर दिलेला असतो, पुढचा भाग कोरडा. तेल देण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे हाउस पॅटर्नमध्ये, तेल मधोमध जास्त आणि कडांना कमी असते. त्यामुळे बाहेर गेलेला बॉल कोरड्या भागावर पकड घेऊन परत वळतो आणि आत पडलेला बॉल तेलावर सरळ टिकतो. लेन चूक पोटात घालते. अवघड स्पोर्ट पॅटर्नमध्ये मध्य आणि कडा यांतले तेलाचे प्रमाण ३:१ किंवा त्याहून कमी असते, तिथे तीच चूक महागात पडते. हाउस पॅटर्नवरचे २०० आणि स्पोर्ट पॅटर्नवरचे २०० सारखे नव्हेत.

हे तेल दिवसभर जागेवर राहत नाही. ज्या पट्ट्यावरून सगळ्यांचे बॉल जातात तिथले ते उडते. बॉल लवकर वळू लागतो आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल पहिल्या पिनेच्या डावीकडे आदळतो. जाणता खेळाडू उभे राहण्याची जागा डावीकडे सरकवतो. नवखा जोर वाढवतो आणि स्प्लिट (एकमेकींपासून दूर उरलेल्या पिना) पाडून बसतो. सकाळचा गट ताज्या तेलावर आणि संध्याकाळचा गट मधल्या वेळी सर्वसाधारण ग्राहक खेळून गेलेल्या लेनवर उतरवून दोघांचे गुण एकाच यादीत लावणे अन्याय्य आहे. दोन गटांच्या मध्ये लेन पुसून पुन्हा तेल द्यावे. ते शक्य नसेल तर प्रत्येक गटातून ठरावीक संख्येने खेळाडू पुढे घ्यावेत.

अनेक ठिकाणी आता पिना दोरीला बांधलेली यंत्रे असतात. दोरीमुळे पिना मोकळ्या पडतात तशा आडव्या लोळत दुसऱ्या पिनांवर आदळत नाहीत, आणि कधी दोरीच शेजारची पिन ओढून पाडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय बोलिंग संस्थेने २०२३ मध्ये दोरीच्या पिनांना वेगळा प्रकार म्हणून मान्यता दिली. दोन्हींचे गुण एकत्र मोजले जात नाहीत. आपल्याकडेही सरासरी एका प्रकारच्या यंत्रावरची आणि स्पर्धा दुसऱ्यावर, असे होऊ देऊ नये.

पावसाळ्यातल्या स्पर्धांसाठी एक सूचना सुरक्षेची. खाडीकाठच्या दमट हवेत फाउल लाइनआधीचा अ‍ॅप्रोच, म्हणजे पावले टाकत येण्याची जागा, चिकट होतो. सरकणारा पाय अचानक अडकला तर खेळाडू गुडघ्यावर किंवा तोंडावर पडतो. बोलिंगचे बूट घालून फूड कोर्टात किंवा स्वच्छतागृहात जाऊ देऊ नये. बुटाच्या ओल्या तळव्यावर पावडर टाकणे तर नियमातही बसत नाही आणि पुढच्या खेळाडूला धोक्याचे असते. कोरड्या कापडाने तळवा पुसून एक-दोन पावले सरकून पाहणे एवढेच पुरते.

ही सगळी माहिती बातमीदाराला स्वतः शोधावी लागत नाही. गुण मोजणाऱ्या संगणकात प्रत्येक फ्रेमची नोंद असते. आयोजकांनी अंतिम फेरीचा तक्ता निकालासोबत द्यावा. अंतिम फेरी पायऱ्यांची होती का, म्हणजे चौथा तिसऱ्याशी आणि त्यातला विजेता दुसऱ्याशी असा क्रम होता का, तेही त्यात असावे. अशा फेरीत पात्रता फेरीत अव्वल आलेला खेळाडू एकाच गेममध्ये हरू शकतो आणि त्याची सहा गेमची कामगिरी बातमीतून गळून जाते. बरोबरी झाल्यास नववी आणि दहावी फ्रेम पुन्हा खेळवणार की आणखी काही, हे पहिला बॉल टाकण्याआधी फलकावर लावावे.

बातमीत एवढी ओळ आली तरी पुरे : ‘तीन गेम, स्क्रॅच ४५०, हँडिकॅप १४४, एकूण ५९४, स्पेअर १४, उघड्या फ्रेम ९, हाउस पॅटर्न, मोकळ्या पिना.’

आपले,
टेनपिन बोलिंगचे काही हौशी खेळाडू, ठाणे