पाटणला दोन प्लग द्या: परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, स.न.वि.वि.

पाटणला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी भरायच्या हा आमचा धंदा, गाड्यांशी संबंध नाही. पण गेल्या मे महिन्यात रात्री साडेनऊला शटर ओढत होतो आणि एक इलेक्ट्रिक कार दारात येऊन थांबली. पुढे नवरा-बायको, मागे झोपलेलं पोर. चिपळूणहून निघताना बॅटरी 40 टक्के होती, ती कुंभार्ली घाटात डोळ्यांदेखत उतरली. आता 7 टक्के उरली होती आणि कऱ्हाड अजून 35 किलोमीटर.

मोबाइलच्या नकाशावर वाटेत एक चार्जर ‘उपलब्ध’ दिसत होता. तिथे गेले तर पडदा काळा. राखणदार म्हणाला, “महिना झाला बंद हाय. कंपनीचा माणूस येतो म्हणालाय.”

मी दुकानातला 15 अँपियरचा सॉकेट दिला. त्यांनी डिकीतली केबल काढून लावली, तर लाल दिवा. अर्थिंग नीट नसेल तर ही गाडी वीज घेतच नाही, हे मला त्या रात्री कळलं. दुकानामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या मिठाचं पाणी ओतलं, तेव्हा कुठे हिरवा लागला. दोन तासांत साडेसहा युनिटं गेली. पोराला बायकोने वरण-भात भरवला. बारा वाजता मंडळी कऱ्हाडकडे निघाली.

साडेसहा युनिटं, साहेब! आमच्याच तालुक्यात कोयनेचं धरण आहे आणि त्याच्या पाण्यावर 1960 मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे.

राज्याच्या 2025 च्या इव्ही (विजेच्या गाड्यांच्या) धोरणात महामार्गावर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलंय. मुंबई-पुणे एक्सप्रेस-वे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफीही जाहीर झाली. चांगलंच आहे. पण यातला एकही रस्ता आमच्या तालुक्यातून जात नाही.

कऱ्हाड-चिपळूण रस्त्याला फास्ट चार्जर जरूर बसवा. मात्र गावात तो नको, निदान आधी तरी नको. त्याला मोठा लोड लागतो, बहुतेक वेळा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि आतलं एक इलेक्ट्रॉनिक कार्ड उडालं की इथला कुणी वायरमन त्याला हात लावू शकत नाही. सॉकेट जळला तर मी चहा गार व्हायच्या आत बदलून देतो.

म्हणून मागणी साधी आहे. एसटी स्टँड, पंचायत समिती आणि ग्रामीण रुग्णालय, तिन्ही ठिकाणी चांगल्या अर्थिंगचे, मीटर लावलेले 15 अँपियरचे दोन-दोन प्लग. ढेबेवाडी, मोरगिरीकडून लोक आता विजेच्या स्कूटरवर तालुक्याला येतात. स्कूटरची बॅटरी तीन-एक युनिटांची. एका दाखल्यावर सही होईस्तोवर ती फुल्ल होते, आणि सही लवकर झालीच तर अर्धी भरली म्हणून कोण रडणार आहे?

एसटीचं खातं तर आपलंच. 2022 मध्ये पुणे-नगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेची बस धावली, तेव्हापासून विजेच्या बससाठी आगारांत चार्जर बसताहेत. जिथे ते काम निघेल, तिथे कुंपणाबाहेर दोन प्लग काढायला असा किती खर्च येणार?

अ‍ॅपची सक्ती मात्र नको. दर कंपनीचं अ‍ॅप वेगळं, आणि खोऱ्यात रेंज गेली की ओटीपी येत नाही. कँटीनवाल्याने मीटर बघून रोख पैसे घ्यावेत, युनिटमागे रुपया त्याला ठेवू द्यावा. चार्जिंगसाठी वीज लायसन्स लागत नाही, हे केंद्राने 2018 मध्येच स्पष्ट केलंय. ज्याला त्या प्लगमधून चार पैसे मिळतील, तो त्याचं अर्थिंगही बघेल.

तोवर माझा सॉकेट आहेच. दुकान रात्री साडेनऊला बंद होतं, तेवढं लोकांना कळू द्या.

आपला,
पाटणचा एक रिवाइंडिंगवाला