पाय मुरगळला तर कुठं जायचं

राणी,

काल फोनवर तू रडत होतीस म्हणून जास्त काही बोलले नाही, पण रात्रभर डोक्यात तेच चालू होतं, म्हणून आज पीएचसीतली मीटिंग उरकून आले अन् चहा पण न घेता टाईप करायला बसले. जिन्यावरून घसरलीस, पाय मुरगळला, होतं असं. पण रात्री अकराला पोरींनी तुला रिक्षात घालून त्या चकाचक दवाखान्यात नेलं, कॅज्युअल्टीत घेतलं, इंजेक्शन, एक्सरे, वर एमआरआय, अन् निघालं काय तर लचक. साडेनऊ हजार! दोन क्विंटल सोयाबीन गेलं गं. मला पैशाचं काही नाही (आहे, खोटं कशाला बोलू).

आमच्या मॅडमनी आम्हा आशांना सांगितलेलं आहे, घोटा मुरगळला की आधी बघायचं, लंगडत का होईना चार पावलं टाकता येतात का. मग घोट्याच्या दोन्ही बाजूची हाडं मागच्या कडेनं दाबायची, पावलाची बाहेरची कड अन् आतल्या बाजूचा उंचवटा पण दाबायचा. चालता येतंय अन् हाडावर दाबून कळ येत नाही, तर मोडलेलं असायची शक्यता लै कमी, साधा एक्सरे पण बहुतेक लागत नाही. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये बसवलेला नियम आहे, जगभर वापरतात. तू तर गेटपर्यंत चालत गेलीस म्हणतेस! बर्फ फडक्यात गुंडाळून लावायचा, क्रेप बँडेज, पाय उशीवर, अन् सकाळी जवळचा एमबीबीएस डॉक्टर. आजी म्हणती आंबेहळद लावा. लाव, तिचं मन राहील, पण चोळू नको.

आता तुला वाटंल आई कंजूस आहे. तर ऐक. तू दोन वर्षाची असताना पप्पांना ताप आला. गावात एक मोटारसायकलवाला डॉक्टर यायचा, कसला डॉक्टर देव जाणे, त्यानं कपड्याच्या खुंटीला सलाईन अडकवलं, त्यात पिवळं इंजेक्शन सोडलं, अन् असं चार दिवस रोज. बाटली संपली की पप्पा उठून बसायचे, म्हणायचे तरतरी आली, अन् संध्याकाळी परत फणफण. रक्त तपासा असं त्यानं एकदाही म्हटलं नाही, मला पण सुचलं नाही. पाचव्या दिवशी अंबाजोगाईला स्वारातीत, सरकारी मोठ्या दवाखान्यात, नेलं तेव्हा टायफॉइड निघाला. त्या मोटारसायकलवाल्याच्या वेळी आपण स्वस्त दवाखाना धरला म्हणून चुकलो नाही, ज्याला काही कळत नव्हतं त्याला धरलं म्हणून चुकलो. तुझं उलटं झालं, लचकीला मोठं हॉस्पिटल.

ताप आला तर थर्मामीटर लाव, पॅरासिटामॉल, पाणी, आराम. तिसऱ्या दिवशी पण ताप असंल तर डॉक्टर अन् रक्ताची तपासणी, मग परीक्षा असो नाहीतर काही. पावसाळ्यात आयबुप्रोफेन, डायक्लो असलं काही मेडिकलवाल्यानं दिलं तरी घ्यायचं नाही, डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढतो. अन् डेंग्यूत ताप उतरला की लोक निर्धास्त होतात, खरा धोका तेव्हाच असतो. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबंनात, हिरडीतून रक्त आलं तर रात्रीचे दोन वाजले तरी सरळ मोठ्या दवाखान्यात. तेव्हा सोयाबीन मोजत बसणार नाही मी. श्वास लागला, शुद्ध हरपली तर १०८. कुत्रं चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटं धुवायचं, अन् त्याच दिवशी सरकारी दवाखाना, ती लस तिथं फुकट असती.

या रविवारी एक काम कर. होस्टेलच्या आसपासचा एक एमबीबीएस शोध, बोर्डावर रजिस्ट्रेशन नंबर बघ, किती वाजेपर्यंत बसतात अन् फी किती ते विचारून ये. दुखायला लागल्यावर शोधत बसलं की मग रिक्षावाला नेईल तिथं जावं लागतं. घाटीची, म्हणजे तिथल्या सरकारी मोठ्या दवाखान्याची, ओपीडी सकाळची असती, लाईन मोठी, पण केस पेपर काढून दाखवायला लाजू नको, तिथं शिकवणारे डॉक्टर बसतात.

अन् आता दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून फोटो पाठव, सूज किती ते मला बघू दे. एमआरआयचं पाकीट पण फेकू नको, एवढे पैसे दिलेत तर निदान कपाटात तरी राहू दे.

तुझी आई