पाच वेढ्यांसाठी आभार

काकाजी, नमस्कार.

हे पत्र तुमची सून मोबाईलवर वाचून दाखवेल, या भरवशावर लिहिते आहे. त्या दिवशी चहा पिऊन मी नुसतं 'येते' म्हटलं आणि एसटी गाठली. आभार राहूनच गेले.

हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस होते. आर्वीतल्या तुमच्या वायंडिंगच्या दुकानात उघडलेल्या मोटारी पायरीपर्यंत आल्या होत्या. मी पिशवीतून काडेपेटीएवढं सर्किट काढलं, तर तुम्ही म्हणालात, "काहून वं, कोणाची मोटार जळली?" एक ट्रान्झिस्टर, एक माईक, नऊ व्होल्टची बॅटरी. यातून आवाज रेडिओवर जातो म्हटल्यावर तुम्ही चष्मा वर केलात. जात मात्र नव्हता. तीन रविवार गेले होते.

तुम्ही आधी कॉइलच पाहिली. पंख्याची केसासारखी तार मी पेन्सिलीवर आठ वेढे गुंडाळली होती. "ही तार पंख्याची व्हय. इले आकार नाई राहत." मग टोक नखानं खरवडून पाहिलंत आणि हसलात. तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप, मी काढलंच नव्हतं! सोल्डरचा थेंब वर बसलेला दिसत होता, आत जोड नव्हताच. बारावीला एलसी (कॉइल आणि कपॅसिटरच्या) सर्किटची गणितं मी धडाधड सोडवली होती, पण तांब्याच्या तारेला अंगरखा असतो हे कोणत्याच गणितात नव्हतं.

तुम्ही २२ गेजची वीत-दीड वीत तार तोडलीत, मायक्रोमीटरवर ०.७१ मिलिमीटर दाखवलीत. एक टोक वाइसमध्ये धरलं, दुसरं ताणून तारेतला वळ काढला. पाच मिलिमीटरच्या ड्रिल बिटाची गुळगुळीत बाजू घेतली आणि अंगठ्यानं वेढ्याला वेढा चिकटवत एक, दोन, तीन, चार, पाच. मग ती सगळी कॉइल उकलून तार माझ्या हातात दिलीत. "आता तू." तेव्हा राग आला होता, खरं सांगते. माझी चौथ्या वेळी जमली. टोकं अर्ध्या ब्लेडनं, तार फिरवत, चारी बाजूंनी लाल दिसेपर्यंत खरवडली.

"पाचच वेढे? मोटारीले तर शेकड्यानं लागतात," तुम्ही वहीवर बोट ठेवून म्हणालात. त्या वहीत प्रत्येक मोटारीचे एचपी, स्लॉट, गेज आणि वेढे लिहिलेले. एवढी एक गोष्ट मी तुम्हाला सांगू शकले याचा मला अजून आनंद आहे: वेढे वाढले की फ्रिक्वेन्सी खाली जाते. माझी आठ वेढ्यांची, पेन्सिलीएवढी रुंद कॉइल नीट जोडली असती, तरी ८८ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे एफएम पट्ट्याच्या खालीच राहिली असती आणि रेडिओला सापडली नसती.

मग तुमची ती तुऱ्हाटीची काडी! लोखंडी पेचकस जवळ नेला की स्टेशन पळायचं, हात नेला तरी पळायचं. तुम्ही कोपऱ्यातली तुऱ्हाटी तासून टोकदार केली आणि मी वेढे केसभर फाकवत गेले. फाकवलं की फ्रिक्वेन्सी वर. अठ्ठ्याण्णवच्या आसपास रेडिओची खरखर एकदम थांबली. मी 'हॅलो' म्हणायच्या आतच माईक आणि रेडिओ एकमेकांना ऐकून कुईऽऽ ओरडले आणि मोटारीसाठी ताटकळलेले भाऊ दचकून उठले. रात्रीची लाईन चुकेल म्हणून ते मघापासून कुरकुरत होते. त्यांचा अर्धा तास मी खाल्ला, त्यांनाही माझे आभार सांगा.

वेढे हलू नयेत म्हणून वार्निश लाव म्हणाला होतात, ते मात्र मी ऐकलं नाही. घरी मेणबत्तीचे दोन थेंब टाकून वेढे धरवले. मेणानं फ्रिक्वेन्सी थोडी खाली सरकली, पुन्हा काडी घ्यावी लागली.

"एरियल नको लावू, पोलीस येतीन," म्हणाला होतात. लावली नाही. परवान्याशिवाय प्रसारण करता येत नाही. बिहारमधल्या मनसूरपूरचं राघव एफएम २००६ मध्ये असंच बंद झालं होतं. माझा आवाज माजघरातून स्वयंपाकघरात गेला, आईनं 'भाजीत मीठ टाकलं का' ते रेडिओवर ऐकलं, आणि मी बॅटरी काढून ठेवली.

तारेचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. आणि तुमचा पाचचा ड्रिल बिट माझ्या पिशवीत आलाय, कॉइलसकट. चौथी जमल्यावर सरावाला केलेली कॉइल त्यावरून काढायची राहिली होती ना, ती पाचवी. पुढच्या बाजाराच्या दिवशी बिट आणून देते. कॉइल ठेवून घेते.

तुमची,
पेन्सिलीवर वेढे मारणारी पोरगी