एकशे बारा पानं आणि हे पत्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या फिल्मचे सहा तासांचे रशेस, म्हणजे न कापलेलं सगळं चित्रण, माझ्या हवाली करून तू दिल्लीची गाडी पकडलीस, त्याला आज नऊ दिवस झाले. काल रात्री सगळं उतरवून संपलं. एकशे बारा पानं भरली. प्रत्येक वाक्यासमोर वेळ लिहिली आहे, एडिटिंगला बसशील तेव्हा शोधाशोध नको. एका फाइलमध्ये कुणी बोलतच नव्हतं, मला वाटलं चुकून चालू राहिली. मग तुझा आवाज आला, "रूम टोन, तांबट आळी, एक मिनिट." तांब्याची भांडी घडवणाऱ्या रिकाम्या कारखान्याचाही आवाज जपून ठेवता तुम्ही, हे मला फार आवडलं.

आता महत्त्वाचं. शूटिंगच्या दुसऱ्या दिवसाची चौथी क्लिप पुन्हा बघ. तांबटकाका घंगाळं मठारतायत. तू विचारतेस, "मुलं हे काम पुढे चालवतील का?" ते मान वर करत नाहीत. ठोका, ठोका, भांडं जरासं फिरवलं, पुन्हा ठोका. अंगठ्याने मठार चाचपली. ओठ हलले, आणि नेमकी तेव्हाच तू बोललीस, "म्हणजे त्यांना आवड नाही का?" ते म्हणाले, "हां, तसंच." विषय संपला.

कोर्टात याला सूचक प्रश्न म्हणतात. आपल्याच साक्षीदाराला सरतपासणीत असा प्रश्न विचारू देत नाहीत, कारण उत्तर प्रश्नातच ठेवलेलं असतं. "आवड नाही" हे शब्द तुझे आहेत, काकांचे नाहीत. मी कागदावर तसंच उतरवलंय.

तिसऱ्या दिवशी बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, तुझ्या हातात होता, त्यामुळे तुला गप्प बसणं भाग होतं. कुणीच काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने काकांनी हातोडा खाली ठेवला आणि आपणहून म्हणाले, "पाठ गेली माझी. पोरांची जाऊ नये म्हणून मीच नको म्हटलं." मनू, मी तिथे टायपिंग थांबवलं. आदल्या दिवशीचं उत्तर तू फिल्ममध्ये घेतलं असतंस, तर एका बापाने मुलांसाठी घेतलेला निर्णय मुलांच्या नावावर आळस म्हणून चढला असता.

तीस वर्षं मी कोर्टात लघुलेखन केलं. साहेब सांगत, मी उतरवून घेई. एखादी बाई मध्येच गप्प व्हायची, पदराचं टोक पिळत राहायची. ते कधी कागदावर आलं नाही. मी मात्र ते पाहिलंय. तुझ्याकडे ते ठेवायला जागा आहे.

बाबा म्हणायचे ना, हातात मोबाइल असताना पदव्युत्तरची दोन वर्षं कशाला? सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ साली मुंबईत कुस्ती चित्रित केली, १९०१ साली केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं आगमन टिपलं, ते कुठे शिकायला गेले होते? तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. दुसऱ्या दिवशी रात्री आपल्या जेवणाच्या टेबलावर तुम्ही चौघं फुटेज बघत होता. तुझ्या साउंडवाल्या मित्राने तोंडावर सांगितलं, "तू फार बोलतेस. मला हेडफोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता, तू तो कापलास." तू चिडून गच्चीत गेलीस. सकाळी कामं बदललीत आणि बूम तू घेतलास. एकट्याने मोबाइलवर फिल्म करणाऱ्याला हे कोण सांगणार? पाळीपाळीने प्रत्येकाने कॅमेरा, माइक, एडिटिंग करायचं, ही तुमच्या कॉलेजची पद्धत मला आधी वेळकाढूपणा वाटायची. मी ते मत बदललं.

आणखी एक, हे आजोबांचं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, वाड्यात चिखलाशिवाय काही उरलं नाही. आजोबा धान्याच्या रांगेत उभे असताना कुणीतरी फोटो काढला. तो छापून आला, खाली "निराधार" असं लिहून. नाव विचारलं नव्हतं, फोटो काढू का हेही नाही. आजोबा तेव्हा कमावते होते, आठवड्याभरात कामावर गेले. पण तो शब्द त्यांना शेवटपर्यंत सलत राहिला. माझ्याकडे किती वेळा बोलले असतील.

काकांनी पहिल्या दिवशी संमतीच्या कागदावर सही केली, ती खरी. पण पाठीचं ते तिसऱ्या दिवशी बोलले. त्यांच्या मुलांनी ते ऐकलंय का, तुला माहीत आहे? मला नाही. म्हणून रफ कट झाला की वर्गात दाखवण्याआधी मला पाठव. आपला जुना बंब गळतोय, तो घेऊन मला तांबट आळीत जायचंच आहे. लॅपटॉप बरोबर नेईन, त्यांना शेजारी बसून दाखवेन. ते नको म्हणाले तर तो तुकडा काढायचा, कितीही जीव तुटला तरी.

दुसऱ्या हार्ड डिस्कचे पैसे बाबांनी पाठवलेत, स्वतःहून. सगळ्याची एक प्रत त्यात ठेव. थंडी सुरू झाली असेल, शूटला जाताना कानटोपी घाल, हेडफोन त्यावरूनही बसतो.

तुझी
आई