कपाटातले कॅमेरे द्या, शनिवारची दुपार द्या

ओहायोतल्या कोलंबस परिसरातल्या सर्व मराठी मंडळींना नमस्कार.

दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्या गणेशोत्सवात आरती सुरू झाली की मूर्तीपुढे निदान पाच-सहा जण तरी गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवून उभे असायचे. पहिलं बाळ झालं किंवा यलोस्टोनची सहल ठरली की डीएसएलआर घ्यायचा, अशी आपल्याकडे रीतच होती. आता आरतीला सगळ्यांचे फोन वर असतात. मग ते कॅमेरे गेले कुठे? विकले फारसे कुणी नाहीत. ते बेसमेंटमध्ये नाहीतर कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहेत, आणि चार्जर कुठे आहे ते कुणालाच आठवत नाही. ते कॅमेरे आम्हाला हवे आहेत.

मंडळाच्या छायाचित्रण गटातले आम्ही काही जण शहराच्या उत्तर भागात, मोर्स रोडच्या आसपास राहणाऱ्या निर्वासित आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलामुलींना शनिवारी दुपारी फोटोग्राफी शिकवतो. मुलं तेरा ते अठरा वयाची. बहुतेक भूतानी-नेपाळी किंवा सोमाली, अलीकडे काँगोमधून आलेल्या घरांतली काही. वाचनालय खोली फुकट देतं. बाकी सगळं आपलं आपण.

आपल्यातले बरेच जण डब्लिन, पॉवेल, लुइस सेंटर भागात राहतात, बँकेत किंवा विमा कंपनीत कामाला जातात. त्यांना मोर्स रोड म्हणजे आउटरबेल्टवरची, शहराभोवतीच्या रिंगरोडवरची, एक एक्झिट, एवढंच ठाऊक. म्हणून थोडं मागचं सांगतो. १९९० च्या सुमारास दक्षिण भूतानमधल्या नेपाळीभाषक लोकांचं नागरिकत्व काढून घेऊन त्यांना देश सोडायला लावलं. एक लाखाहून अधिक माणसं पूर्व नेपाळात, झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांमध्ये, बांबूच्या झोपड्यांत जवळजवळ वीस वर्षं राहिली. भूतानने परत घेतलं नाही, नेपाळने सामावून घेतलं नाही. २००७ नंतर तिसऱ्या देशांत पुनर्वसन सुरू झालं आणि त्यातले बहुतेक अमेरिकेत आले. आधी इतर राज्यांत उतरलेली कुटुंबंही भाऊबंदांच्या मागोमाग इकडे सरकली, आणि आज या समाजाची देशातली सगळ्यांत मोठी वस्ती कोलंबस परिसरातच आहे. सोमाली लोकांचंही थोडंफार असंच. १९९१ मध्ये त्यांच्या देशातलं सरकार कोसळलं, केनियातल्या दादाबसारख्या छावण्यांत अनेकांची वर्षं गेली, आणि पुढे इथली गोदामांतली कामं आणि त्या मानाने स्वस्त घरभाडं पाहून लोक येत राहिले. मिनियापोलिसनंतर त्यांची मोठी वस्ती आपल्याच शहरात आहे.

"आपणही इमिग्रंटच की," असं आपल्यात कुणी ना कुणी म्हणतंच. आहोत. पण आपण नोकरीचं पत्र खिशात घेऊन, दोन बॅगांत प्रेशर कुकर आणि मेतकूट भरून आलो, आणि दर दोन-तीन वर्षांनी पुण्याला, नागपूरला जाऊन येतो. या मुलांच्या आजी-आजोबांना परत जायला गावच उरलेलं नाही. हा फरक लक्षात ठेवून वर्गात आलेलं बरं.

या घरांमध्ये एक पांढरी प्लास्टिकची पिशवी बऱ्याचदा अजून जपून ठेवलेली दिसते. तिच्यावर आयओएम अशी निळी अक्षरं असतात. निर्वासितांचा प्रवास पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची ती पिशवी. विमानतळावर ती हातात धरून उतरायचं, म्हणजे न्यायला आलेला माणूस ओळखतो. आत कागदपत्रं, वैद्यकीय तपासणीच्या नोंदी आणि छातीचा एक्स-रे. घरातला सर्वांत जुना फोटो आणा, असं आम्ही वर्गात सांगितलं, तर एक मुलगा वडिलांचा एक्स-रे घेऊन आला. तो विनोद करत नव्हता. त्याच्या घरात त्याहून जुनं असं वडिलांचं चित्रच नव्हतं. वर्गाने तो खिडकीच्या काचेला चिकटवून, मागच्या पार्किंग लॉटसकट त्याचा फोटो काढला.

अर्थात सगळे असे फोटो काढत नाहीत, आणि आम्हीही तशी अपेक्षा ठेवत नाही. निर्वासित मूल म्हटलं की त्याने दुःखाचे, छावणीच्या आठवणींचे फोटो काढावेत असं बाहेरच्यांना फार वाटतं. आमच्या वर्गातला एक पोरगा कित्येक आठवडे फक्त गाड्यांच्या चाकांचे फोटो काढतोय. काढू दे. चाकावर फोकस पक्का बसतो त्याचा. दुसऱ्या एका मुलीने आजीचं गुंद्रुक टिपलं. गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेला मोहरी-मुळ्याचा पाला. बाल्कनीच्या कठड्यावर जुन्या बेकिंग ट्रेमध्ये तो पसरलेला, आजीचा हात फक्त मनगटापर्यंत, आणि खाली बर्फ खरवडणारा शेजारी. त्या फोटोखाली आजीने सांगितलेल्या दोन ओळी नेपाळीत लिहिल्या आहेत. मुलीला नेपाळी बोलता येतं, वाचता येत नाही. इथे आपली माणसं उपयोगी पडतात, कारण लिपी देवनागरीच आहे. अर्थ पुरता लागला नाही तरी आपण अक्षर लावून वाचतो आणि आजी मान हलवते.

फोन असताना कॅमेरा कशाला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. फोनही चालतो, पहिल्या वेळी तर आम्ही नुसती आरपार पाहायला पुठ्ठ्याची चौकट देतो, कॅमेरा देतच नाही. पण फोन सगळं आपलं आपण ठरवून टाकतो, आणि शिकवायचं असतं ते नेमकं ठरवणंच. हिवाळ्यातलं उदाहरण घ्या. बर्फाचा फोटो काढला की बर्फ राखाडी येतं, कारण समोरचं दृश्य एकंदरीत मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर चालतो. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, एक-दीड स्टॉप (पायरी) वाढवलं की बर्फ पांढरं होतं. आता त्याच बर्फात काळा हिजाब घातलेली, गडद वर्णाची मैत्रीण उभी करा. मीटर बर्फाला भुलला तर तिच्या चेहऱ्याचा नुसता काळा ठिपका उरतो. चेहऱ्यावर स्पॉट मीटर लावला, म्हणजे फक्त तेवढ्याच भागाचा उजेड मोजला, तर चेहरा फिकट पडतो, तिचा वाटतच नाही. मॅन्युअल मोडवर, म्हणजे सगळं आपण हाताने ठरवत, एकेक पायरी पुढे-मागे करत, दर वेळी पडद्यावर पाहत, शेवटी ती मैत्रीण स्वतःच म्हणते, हां, ही मी. रंगीत फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळा गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड समोर ठेवून रंग जुळवत असत, हेही आम्ही त्यांना सांगतो. सोमाली मुलींना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

कॅमेरा जुना असला तरी चालेल. मॅन्युअल मोड हवा, कॅमेऱ्याबरोबर येते ती १८-५५ची साधी लेन्स पुरे. कुणाकडे ५० एमएम १.८, म्हणजे कमी उजेडातही चालणारी लेन्स, पडून असेल तर तिच्यावर मुलांच्या उड्या पडतील. बॅटरी आणि चार्जर मात्र शोधून द्याच, कॅमेऱ्यांपेक्षा तिथेच आमचं जास्त अडतं. सोळा-बत्तीस जीबीची एसडी कार्डं, कार्ड रीडर, विंडोज नीट चालतं असा जुना लॅपटॉप, हेही हवं आहे. देण्याआधी कार्डावरचे तुमचे बाळंतपणाचे फोटो काढून घ्या. मागच्या खेपेला एका कार्डावर आख्खं बारसं निघालं.

पैसेही लागतातच. वापरलेला साधा डीएसएलआर दीड-दोनशे डॉलरला मिळतो. प्रिंट काढणं महाग पडतं, पण त्यावर आम्ही हात आखडता घेणार नाही. आजोबांच्या हातात द्यायला कागदावरचाच फोटो लागतो. मंडळ ना-नफा संस्था म्हणून नोंदलेलं असल्याने देणगीवर करसवलत मिळते. शिवाय तुमची कंपनी देणगीत तितकीच भर घालत असेल तर तो अर्ज कृपा करून भरा. दहा मिनिटांचं काम आहे आणि आपल्यातले निम्मे लोक आळसाने ते करत नाहीत.

सगळ्यांत मोठी टंचाई माणसांची आहे. जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांचं आगमनच थांबवलं गेलं, पुनर्वसन संस्थांचा सरकारी निधी आटला आणि त्यांना माणसं कमी करावी लागली. त्याचा फटका आधीच आलेल्यांच्या मुलांनाही बसतो. आमच्याकडे यायला काही मुलांना गाडीच नसते, आईवडील शनिवारीही गोदामात पाळीवर असतात. म्हणून दुपारी ने-आण करणारे हवेत. फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल. अल्पवयीन मुलांबरोबर काम करायचं असल्याने ओहायोची वेबचेक तपासणी, म्हणजे बोटांचे ठसे, प्रत्येकाला द्यावे लागतील. त्यात कुणी मान-अपमान पाहू नये. वर्ग दोन वाजता असतो, कारण सोमाली मुलांची सकाळ दुग्सीत, म्हणजे कुराणाच्या शाळेत जाते. खाऊ शाकाहारी आणि जिलेटिन नसलेला आणा. पोह्यांचा चिवडा सगळ्यांना चालतो, हे आता सिद्ध झालं आहे. रमजानात मात्र डबे उघडायचे नाहीत.

एक अट कडक आहे. मदतीला येणाऱ्यांनी मुलांचे फोटो काढून फेसबुकवर किंवा व्हॉट्सअॅपवर टाकायचे नाहीत, 'समाजसेवा करताना' असं लिहूनही नाही. मार्च २०२५ पासून काही भूतानी निर्वासितांना अमेरिकेने परत पाठवलं, आणि भूतानने त्यांना ठेवून न घेता सीमेबाहेर काढलं. असा प्रसंग ज्यांच्या समाजावर आला आहे, त्या घरातल्या आईला तुमच्या निरागस सेल्फीची धास्ती वाटते, आणि तिचं बरोबर आहे. प्रदर्शनात लावायच्या फोटोंच्या फाइलींत नोंदलेली ठिकाणाची माहिती आम्ही पुसतो, पूर्ण नाव लावत नाही, चेहरा दिसत असेल तर त्या माणसाची आणि लहान असेल तर पालकांची संमती घेतो. फोटोचा हक्क काढणाऱ्या मुलाचाच. मंडळाच्या दिवाळी अंकालाही तो हवा असेल तर मुलाला विचारावं लागेल, आणि त्याने नाही म्हटलं तर विषय संपला.

कॅमेरे आणि बाकीचं सामान थँक्सगिव्हिंगच्या आधी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात आणून द्या, किंवा मंडळाच्या गटावर निरोप ठेवा, कुणीतरी घरी येऊन घेऊन जाईल. बंद पडलेला कॅमेराही चालेल. उघडून आत आरसा कसा हलतो ते दाखवायला तो बरा पडतो. फक्त बुरशी लागलेली लेन्स वेगळ्या पिशवीत बांधून, वर तसं लिहून द्या. बाकीच्या लेन्सबरोबर ती आम्हाला ठेवायची नाही.