कोकण ट्रिप : सगळ्यांनी नीट वाचा

मंडळी, येत्या शुक्रवारी रात्री ८ ला लातूरच्या गंजगोलाईतून गाडी निघणार, कुणासाठी थांबणार नाही. नावं बुधवारपर्यंत ग्रुपवर टाका.

मुक्काम रत्नागिरीतच, रोज सकाळी निघून संध्याकाळी परत, म्हणजे लेकरांचे अन् म्हाताऱ्यांचे हाल नकोत.

शनिवार : आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळे, जाताना समुद्र डाव्या हाताला आहे, तिकडच्या खिडक्या लेकरांना द्या. पुढं मालगुंडला केशवसुतांचं घर.
रविवार : रत्नदुर्ग, थिबा पॅलेस, वेळ उरला तर पावस.

गणपतीपुळ्याला गुडघ्याच्या वर पाण्यात कुणीच जायचं नाही, तिथं ओढ लई आहे, पोहता येतं म्हणणाऱ्यांनी तर नाहीच, आपलं पोहणं विहिरीतलं!

आंबा घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी गोळी आधीच घ्या. धपाटे ज्यानं त्यानं आणा, चटणी माझ्याकडं.