सूचना : रविवारी बडोद्याच्या कमाटीबागेत छोट्यांचा मोजमापाचा खेळ

सर्व पालक सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ७.३० वाजता, काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या फाटकापाशी जमायचे आहे. हा खेळ बालवर्ग ते दुसरीच्या मुलांसाठी आहे. शिकवणार आठवी-नववीचे ताई-दादा, एकेकाकडे तीनच मुले. ९.३० ला मुले परत न्यावीत.

आधी बाक आणि पायवाट वितीने, हाताने, पावलांनी मोजायची. छोट्याची वीत लहान, म्हणून त्याचा आकडा ताईपेक्षा मोठा येणार. यावरून भांडणे होतील, होऊ द्या! टेप त्यानंतरच निघेल. मग झाडाच्या बुंध्याभोवती सुतळी गुंडाळून, ती जमिनीवर सरळ टाकून घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा. एरवी हा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात. आपली मंडळी स्वतःच्या छातीच्या उंचीवर घेतील, पण सगळी झाडे एकाच उंचीवर.

सोबत द्यावे :
• तीन मीटर सुतळी, वही, पेन्सिल
• शिवणकामाची टेप (घरात असल्यास, मुद्दाम विकत आणू नये)
• टोपी, पाण्याची बाटली

पालकांनी लांबच्या बाकांवर बसावे. उत्तर सांगायचे नाही, खुणावायचेही नाही. आजोबांनाही हाच नियम. झाडांवर खरडू नये, पाने तोडू नयेत.

ताई-दादांनी ७ वाजताच यावे, गट तेव्हाच ठरतील. मुलांची नावे व इयत्ता शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर कळवावी. आयत्या वेळी आलेल्यांना गट मिळेलच असे नाही.